एका वेलीला त्याचं नाव मिळालं, पण त्याने हजारो दुर्मिळ वनस्पतींची यादी करायला लावली : लेड्यार्ड स्टेबिन्स

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात सॅक्रामेंटो नावाचं शहर आहे. या शहराच्या पूर्वेला पाइन हिल नावाची एक टेकडी लागते. बघायला गेलं तर काही खास नाही. लालसर माती, खडक आणि कंबरेएवढी वाढलेली रखरखीत झुडपं. आजूबाजूला बंगले, रस्ते आणि नव्या वसाहती.

पण या झुडपांत एक वेल सापडते. आपल्याकडच्या गारवेलीच्या कुळातली. पांढरी फुलं आणि हाताची बोटं पसरावीत तशी चिरलेली पानं. ही वेल जगात फक्त कॅलिफोर्नियाच्या दोन जिल्ह्यांत, ठरावीक प्रकारच्या मातीत उगवते. १९९६ साली अमेरिकेच्या सरकारने तिला संकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत टाकलं.

तिचं शास्त्रीय नाव आहे कॅलिस्टेजिया स्टेबिन्सिआय. ज्यांच्यावरून हे नाव पडलं ते लेड्यार्ड स्टेबिन्स म्हणजे विसाव्या शतकातले मोठे वनस्पती जनुकशास्त्रज्ञ. दुर्मिळ झाड वाचवायचं असेल तर त्याला नुसतं कुंपण घालून भागत नाही, त्याची माती आणि त्याची जनुकं दोन्ही समजून घ्यावी लागतात, हा विचार त्यांनी १९४२ सालीच मांडायला सुरुवात केली होती.

तर बघूया, श्रीमंत घरातला, वकील व्हायला निघालेला हा मुलगा या टेकड्यांवर कसा पोहोचला.

आईचं आजारपण आणि कॅलिफोर्निया

जॉर्ज लेड्यार्ड स्टेबिन्स यांचा जन्म ६ जानेवारी १९०६ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या लॉरेन्स इथला. वडील जमीन आणि मालमत्तेच्या व्यवसायातले. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला असलेल्या मेन राज्यात त्यांनी सील हार्बर हे उन्हाळी गाव विकसित केलं. त्याच भागात पुढे अकेडिया राष्ट्रीय उद्यान झालं आणि ते उभं राहण्यात वडिलांचाही हातभार होता. म्हणजे जमीन विकणं आणि जमीन राखणं, या दोन्ही गोष्टी या मुलाने घरातच पाहिल्या.

आईला क्षयरोग झाला. तेव्हा क्षयावर खात्रीचं औषध नव्हतं, हवापालट हाच उपाय सांगितला जायचा. त्यामुळे कुटुंब कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथे आलं आणि लेड्यार्ड तिथल्या केट स्कूलमध्ये शिकायला लागला.

या शाळेत त्याला राल्फ हॉफमन नावाचे शिक्षक भेटले. पक्षी आणि वनस्पती हे हॉफमन यांचं वेड. मुलांना घेऊन डोंगर तुडवायचे, झाडं ओळखायला शिकवायचे. हेच हॉफमन पुढे १९३२ साली सॅन मिगेल बेटावर वनस्पती गोळा करताना कड्यावरून पडून गेले. पण तोवर त्यांनी लावलेलं वेड विद्यार्थ्याच्या अंगात पुरतं भिनलं होतं.

वकिली सुटली

१९२४ साली स्टेबिन्स हार्वर्ड विद्यापीठात दाखल झाले. विचार कायद्याकडे जायचा होता. पण तिसऱ्या वर्षापर्यंत त्यांनी ठरवून टाकलं, आपण वनस्पतीशास्त्रच करायचं.

हार्वर्डमध्ये तेव्हा मेरिट फर्नाल्ड यांचा दबदबा होता. अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या वनस्पतींची त्यांच्याइतकी ओळख फार थोड्यांना होती. स्टेबिन्स यांच्यावर त्यांचा प्रभाव पडला. हे फर्नाल्ड लक्षात ठेवा, गोष्टीत ते पुन्हा येणार आहेत.

पीएचडीला मात्र रामायण घडलं. त्यांचे मार्गदर्शक होते एडवर्ड जेफ्री. गुणसूत्रांवर जनुकं असतात आणि त्यातून आनुवंशिकता चालते, हे टॉमस हंट मॉर्गन यांचं म्हणणं तेव्हा नवं होतं आणि जेफ्री त्याच्या विरोधात होते. स्टेबिन्स यांना मात्र हीच नवी दिशा ओढत होती. कार्ल सॅक्स या जनुकशास्त्रज्ञाने त्यांच्या प्रबंधातल्या चुका दाखवल्या. त्यावरून सॅक्स आणि जेफ्री यांच्यात वाद पेटला. मधल्यामध्ये विद्यार्थ्याला प्रबंध पुन्हा पुन्हा दुरुस्त करावा लागला. अखेर १९३१ साली पदवी मिळाली.

पुढची काही वर्षं ते न्यूयॉर्क राज्यातल्या कोलगेट विद्यापीठात शिकवत होते. तिथे त्यांनी पर्सी सॉन्डर्स यांच्याबरोबर पिओनी या फुलझाडाच्या गुणसूत्रांवर काम केलं. १९३५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या केंद्रातून बोलावणं आलं आणि ते पुन्हा लहानपणीच्या राज्यात परतले.

क्रेपिसच्या गुणसूत्रांनी दिलेला धडा

बर्कलीत अर्नेस्ट बॅबकॉक हे क्रेपिस नावाच्या, सूर्यफुलाच्या कुळातल्या वनस्पतीवर संशोधन करत होते. स्टेबिन्स त्यांना येऊन मिळाले.

इथे एक गोष्ट समजून घेऊ. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. वनस्पतींत मात्र अनेकदा तीन, चार, सहा, आठ संचही असतात. आपण खातो तो गहू सहा संचांचा आहे. संच वाढले की झाडाचे गुण बदलतात आणि कधी कधी एकदम नवी जातच तयार होते.

बॅबकॉक आणि स्टेबिन्स यांनी अमेरिकन क्रेपिसच्या जाती तपासल्या. दोन संचांच्या मूळ जाती थोड्या आणि मर्यादित जागी राहिलेल्या होत्या. त्यांच्यातल्या संकरातून निघालेले जास्त संचांचे प्रकार मात्र लांबवर पसरले होते. हे काम १९३८ साली प्रसिद्ध झालं आणि गाजलं.

यातून एक वेगळीच गोष्ट पुढे येत होती. एखाद्या कोपऱ्यात राहिलेली दुर्मिळ जात म्हणजे निसर्गाने टाकून दिलेला माल नव्हे. लांबवर पसरलेल्या कुटुंबाचं मूळ घर तिथे असू शकतं. ते घर गेलं तर पुढच्यांचा इतिहासही गेला आणि त्या घरातला जनुकांचा साठाही गेला.

दुर्मिळ झाड दुर्मिळ का असतं?

त्या काळात या प्रश्नावर दोन मोठी उत्तरं होती आणि ती एकमेकांच्या अगदी उलट होती.

पहिलं उत्तर जॉन विलिस यांचं. विलिस यांनी सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, पेरादेनियाच्या वनस्पती उद्यानात बरीच वर्षं काम केलं होतं. १९२२ साली त्यांनी मांडलं की जात जितकी जुनी तितकी ती जास्त पसरलेली असते. म्हणजे छोट्या जागेत सापडणारी जात ही साधारण नवी असते, तिला अजून पसरायला वेळच मिळालेला नाही.

दुसरं उत्तर फर्नाल्ड यांचं, स्टेबिन्स यांच्या हार्वर्डच्या गुरूंचं. ते म्हणत, तसं नाही. या जाती म्हणजे म्हाताऱ्या, थकलेल्या, हिमयुगातून कशाबशा वाचलेल्या. त्यांची पसरण्याची ताकदच संपलेली आहे.

एकाचं म्हणणं दुर्मिळ म्हणजे बाळ, दुसऱ्याचं म्हणणं दुर्मिळ म्हणजे म्हातारं.

१९४२ साली स्टेबिन्स यांनी दुर्मिळ आणि प्रदेशनिष्ठ वनस्पतींवर एक लेख लिहिला. प्रदेशनिष्ठ म्हणजे एखाद्या ठरावीक भागाबाहेर कुठेच न सापडणाऱ्या. त्यांनी सांगितलं की वयावरून काही ठरत नाही. दुर्मिळ जातींत नव्याही असतात आणि जुन्याही असतात. खरा प्रश्न विचारायचा तो हा, की त्या जातीच्या झाडांमध्ये आपापसात जनुकीय विविधता किती आहे?

हे सोपं करून सांगायचं तर आपल्या जुन्या गावाचं उदाहरण घ्या. ज्या गावात सुतार, लोहार, कुंभार, चांभार असे सगळे बलुतेदार आहेत, ते गाव कुठल्याही अडचणीत काहीतरी मार्ग काढतं. पण एखाद्या गावात नुसते कुंभारच असतील तर? जोवर मडक्यांना मागणी आहे तोवर सगळं छान. नांगर मोडला की गाव अडलं.

वनस्पतींचंही तसंच. एकाच जातीच्या हजार झाडांत कुणी दुष्काळ सोसणारं असतं, कुणी थंडी, कुणी कीड, कुणी विषारी माती. हवामान बदललं की त्यातलं कुणीतरी टिकतं आणि जात पुढे जाते. पण सगळी झाडं जनुकांच्या दृष्टीने जवळजवळ सारखीच असतील, तर ती त्यांच्या सवयीच्या जागेत अडकून पडतात. जागा गेली की जात गेली.

स्टेबिन्स यांनी यात आणखी एक फरक केला. काही जाती पहिल्यापासून छोट्या जागेत, बेटावर राहावं तशा राहिल्या. काही मात्र एकेकाळी मोठ्या होत्या, पण हिमयुगासारख्या संकटांत त्यांचे बरेचसे प्रकार नष्ट झाले आणि उरला एखादा. बाहेरून दोन्ही दुर्मिळच दिसतात, पण दोघांचा आजार वेगळा. आणि आजार वेगळा असेल तर उपायही वेगळाच लागणार.

मातीची बेटं

आता ही बेटं येतात कुठून? कॅलिफोर्नियात ती बऱ्याचदा मातीचीच असतात.

तिथे सर्पेंटाइन नावाचा हिरवट, गुळगुळीत खडक सापडतो. १९६५ साली तो कॅलिफोर्नियाचा अधिकृत राज्य खडकही झाला. दिसायला सुंदर, पण त्याच्यापासून बनलेली माती म्हणजे झाडांसाठी शिक्षाच. कॅल्शियम कमी, मॅग्नेशियम भरमसाट, नायट्रोजन आणि फॉस्फरस जेमतेम, वर निकेल आणि क्रोमियमसारखे जड धातू. साधं झाड तिथे लावलं तर खुरटतं नाहीतर मरतं.

पण काही वनस्पती हे सगळं पचवायला शिकल्या. तिथे त्यांना स्पर्धाच नाही, त्यामुळे तिथे त्या सुखाने राहतात. सर्पेंटाइनने कॅलिफोर्नियाची जेमतेम दीड टक्का जमीन व्यापली आहे, पण राज्यातल्या प्रदेशनिष्ठ वनस्पतींपैकी दहा टक्क्यांहून जास्त वनस्पती या मातीशी बांधलेल्या आहेत.

आपल्याकडे याच्या जवळचं काही बघायचं असेल तर साताऱ्याचं कास पठार किंवा कोकणातले सडे आठवा. खडक वेगळा, तिथे जांभा आहे. पण तत्त्व तेच. मातीचा पातळ थर, पावसाळ्यात पाणीच पाणी, उन्हाळ्यात तापलेला कातळ. मोठी झाडं तिथे तग धरत नाहीत आणि म्हणूनच वायतुऱ्यासारख्या वनस्पती अशा मोजक्या पठारांवरच सापडतात. शेजारच्या काळ्या मातीच्या शेतात तुम्हाला वायतुरा दिसणार नाही.

ही माती पचवायची ताकद जनुकांत असते का? बर्कलीतच शिकलेले आर्थर क्रूकबर्ग यांनी याचा प्रयोग केला आणि १९५१ साली तो प्रसिद्ध झाला. त्यांनी एकाच जातीची बियाणी दोन ठिकाणांहून आणली, काही सर्पेंटाइनवरच्या झाडांची आणि काही साध्या मातीतल्या झाडांची. दोन्ही सर्पेंटाइनच्या मातीत पेरली. पहिली जोमाने वाढली, दुसरी खुरटली.

नाव एक, रूप एक, पण आतून वेगळी. याचा व्यावहारिक अर्थ मोठा आहे. एखाद्या टेकडीवरची दुर्मिळ जात नष्ट झाली आणि कुणी म्हणालं की दुसरीकडून तीच जात आणून लावू, तर ती तिथे जगेलच असं नाही.

मोठं पुस्तक आणि एक फसलेला प्रयोग

१९४६ साली स्टेबिन्स यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मानाची जेसप व्याख्यानं द्यायला बोलावलं. त्या व्याख्यानांतून त्यांचं पुस्तक तयार झालं आणि १९५० साली ते आलं. वनस्पतींमधला फरक आणि त्यांची उत्क्रांती हा त्याचा विषय. डार्विनचा सिद्धांत आणि जनुकशास्त्र यांची सांगड घालण्याचं काम तेव्हा मोठमोठे शास्त्रज्ञ करत होते. त्यांचे मित्र थिओडोसियस डोब्झान्स्की, तसेच अर्न्स्ट मायर आणि जॉर्ज सिम्पसन यांची पुस्तकं आधीच आली होती. पण वनस्पतींची बाजू मांडणारं मोठं पुस्तक राहिलं होतं, ते स्टेबिन्स यांनी लिहिलं. त्याच वर्षी ते विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या केंद्रात गेले आणि तिथला जनुकशास्त्र विभाग त्यांनी उभा केला. १९५२ साली ते अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे सदस्य झाले.

पण या माणसाच्या खात्यावर एक त्रासदायक प्रयोगही आहे.

१९४० च्या दशकात त्यांनी एर्हार्टा इरेक्टा हे आफ्रिकेतलं गवत घेतलं. कोल्चिसीन हे रसायन वापरून त्याच्या गुणसूत्रांचे संच दुप्पट केले. मग साधं गवत आणि दुप्पट संचांचं गवत, दोन्ही कॅलिफोर्नियात वेगवेगळ्या जागी लावलं. मोकळ्या निसर्गात कोण जिंकतं, हे त्यांना बघायचं होतं. कित्येक वर्षं ते या जागांवर नजर ठेवून होते.

निकाल असा लागला की दुप्पट संचांचं गवत बहुतेक ठिकाणी मागे पडलं आणि साधं गवत पुढे गेलं. विज्ञानाला उत्तर मिळालं. पण ते साधं गवत थांबलं नाही. आज एर्हार्टा कॅलिफोर्नियाच्या किनारी भागातलं डोकेदुखी ठरलेलं तण आहे. स्थानिक वनस्पतींची जागा ते खातं. त्याच्या पसरण्यात स्टेबिन्स यांच्या त्या लागवडींचाही वाटा मानला जातो.

ज्याने पुढे स्थानिक वनस्पती वाचवण्यासाठी एवढी धडपड केली, त्याच्याच हातून हे झालं. परक्या वनस्पती मोकळ्या रानात लावून बघणं त्या काळी आजच्याइतकं धोक्याचं समजलं जात नव्हतं. आज असा प्रयोग करायचा म्हटलं तर परवानगीच मिळणार नाही.

प्रयोगशाळेतून टेकडीवर

१९६५ साली बर्कलीत कॅलिफोर्निया नेटिव्ह प्लांट सोसायटी ही संस्था सुरू झाली. तिथलं स्थानिक झाडांचं एक उद्यान वाचवण्याच्या धडपडीतून ती जन्माला आली होती. १९६६ साली साठीला पोहोचलेले स्टेबिन्स तिचे अध्यक्ष झाले आणि १९७२ पर्यंत राहिले.

याच काळात मॉन्टेरे द्वीपकल्पावरची एक जागा धोक्यात आली होती. पेबल बीचचं नाव गोल्फ बघणाऱ्यांनी ऐकलं असेल, त्याच भागातली ही टेकडी. समुद्राचा जुना किनारा वर उचलला जाऊन तिथे पायऱ्यांसारखे थर झाले आहेत. त्यावरची माती आम्लधर्मी आणि निकृष्ट. या मातीत गोवेन सायप्रस हे झाड उगवतं. जगात नैसर्गिकरीत्या ते याच भागातल्या मोजक्या राईंमध्ये आहे.

तिथेच मॉन्टेरे पाइनही आहे. या पाइनची गंमत बघा. न्यूझीलंड, चिली, ऑस्ट्रेलिया इथे लाकडासाठी त्याची लाखो एकर लागवड झाली आहे. पण मूळ रानटी झाडं मात्र कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या तीन पट्ट्यांत आणि मेक्सिकोच्या दोन बेटांवर एवढीच. म्हणजे उद्या त्या लागवडींवर एखादा रोग आला, तर त्याला तोंड देणारी जनुकं शोधायला याच मूळ राईंमध्ये यावं लागेल.

स्टेबिन्स या जागेला उत्क्रांतीची टेकडी म्हणायचे. थोड्याशा अंतरात माती बदलते आणि मातीबरोबर झाडं बदलतात, हे तिथे उघड्या डोळ्यांनी दिसतं. त्यांनी आणि संस्थेने पाठपुरावा केला. जमीन खासगी कंपनीच्या मालकीची होती, पण १९६७ साली ती जागा राखून ठेवायचं ठरलं. आज ती कंपनीच्या तेव्हाच्या प्रमुखांच्या नावाने, मोर्स वनस्पती राखीव क्षेत्र म्हणून ओळखली जाते.

एक टेकडी वाचली. पण राज्यात अशा किती जागा आहेत, कुठलं झाड कुठे उरलंय, याची एकत्र नोंदच नव्हती. जे मोजलेलंच नाही ते वाचवणार कसं?

म्हणून १९६८ साली संस्थेने दुर्मिळ वनस्पतींची यादी करायला घेतली. संगणकाचा जमाना नव्हता. कार्डांवर झाडाचं नाव, जागा, स्थिती अशा नोंदी व्हायला लागल्या. वनस्पतीशास्त्रज्ञ आणि हौशी अभ्यासक आपापल्या भागातली माहिती पाठवायला लागले. १९७४ साली या यादीची पहिली आवृत्ती निघाली. त्याच्या एक वर्ष आधी अमेरिकेत संकटग्रस्त जातींचा कायदा झाला होता आणि कायद्याला लागणारी माहिती या कामातून तयार मिळत होती. आज ती यादी ऑनलाइन आहे आणि तिच्यात दोन हजारांहून जास्त वनस्पती आहेत. कॅलिफोर्नियात रस्ता किंवा वसाहत बांधण्याआधी जो पर्यावरणीय अभ्यास होतो, त्यात ती बघितली जाते.

आणि मग ती वेल

१९७० साली एल डोराडो जिल्ह्यात फिरताना स्टेबिन्स यांना एक वेल दिसली. नेहमीच्या मॉर्निंग ग्लोरीपेक्षा तिची पानं वेगळी होती. त्यांनी नमुना गोळा केला. लंडनच्या क्यू उद्यानातले तज्ज्ञ रिचर्ड ब्रमिट यांनी १९७४ साली ही नवी जात असल्याचं जाहीर केलं आणि तिला स्टेबिन्स यांचं नाव दिलं.

ती जिथे सापडली ती माती गॅब्रो या खडकाची. सर्पेंटाइनसारखीच वेगळी आणि गरीब. या पाइन हिल भागात सातशेहून जास्त प्रकारच्या वनस्पती आहेत. त्यातल्या पाइन हिल सिआनोथस आणि पाइन हिल फ्लॅनेलबुश या दोघींच्या नावातच टेकडीचं नाव आहे.

या वेलीची आणखी एक गंमत म्हणजे तिला वणवा चालतो, किंबहुना लागतो. तिच्या बियांचं कवच टणक असतं. आग लागून झुडपं साफ झाली की बिया रुजतात. पण शेजारी बंगले झाले की तिथे वणवा कोण लागू देणार? घरं वाचवायला आग विझवली जाते आणि झुडपांच्या सावलीत वेल संपत जाते. माती खास, सवय खास, आणि त्याच जमिनीला घरांसाठी मागणी. १९९६ साली सरकारने ही वेल आणि तिच्या काही शेजारणी संरक्षित केल्या. आज पाइन हिल राखीव क्षेत्र आहे, पण एकसंध नाही, तुकड्या-तुकड्यांत विखुरलेलं.

जनुकं बघून नेमकं करतात काय?

इथेच स्टेबिन्स यांचा १९४२ चा प्रश्न कामाला येतो. आज दुर्मिळ झाडाची दोन-चार पानं घेऊन त्यांचा डीएनए तपासता येतो. त्यातून काही अगदी व्यवहारातल्या प्रश्नांची उत्तरं मिळतात.

पहिला प्रश्न, झाडं खरंच किती? मुळांतून किंवा फांद्यांतून वाढणारी शंभर झुडपं दिसली तरी जनुकांच्या हिशेबाने ती एकच झाड असू शकतात.

दुसरा, कुठला तुकडा वाचवायचा? पैसे पाच तुकडे घेण्यापुरते आहेत आणि तुकडे वीस आहेत. मग ज्या तुकड्यांत वेगळी विविधता आहे ते आधी.

तिसरा, बिया कुठून घ्यायच्या? एकाच झाडाच्या हजार बिया बियाणे बँकेत ठेवण्यापेक्षा पन्नास झाडांच्या वीस-वीस बिया ठेवलेल्या केव्हाही बऱ्या.

चौथा, संकर होतोय का? दुर्मिळ जातीच्या शेजारी तिची सर्वसामान्य नातेवाईक लावली तर दोघींच्या संकरातून दुर्मिळ जात हळूहळू विरघळून जाऊ शकते. बागेत लावलेलं रोपही हे करू शकतं.

वेळ हातातून गेली की काय होतं, त्याचं उदाहरण सॅन फ्रान्सिस्को शहरातच आहे. प्रेसिडिओ भागात सर्पेंटाइनच्या मातीवर रेव्हन्स मँझानिटा नावाचं झुडूप आहे. १९५२ साली पीटर रेव्हन या शाळकरी मुलाला ते सापडलं. हाच मुलगा पुढे जगप्रसिद्ध वनस्पतीशास्त्रज्ञ झाला. पण रानात या झुडपाचं एकच मूळ रोप उरलं होतं. त्याच्या फांद्या लावून नवी रोपं केली गेली, उद्यानांत वाढवली गेली. मोजायला ती अनेक आहेत. जनुकांच्या दृष्टीने मात्र ते एकच झाड आहे. त्या झाडाला जो रोग मारेल, तो सगळ्यांनाच मारू शकतो.

स्वतःचं मत बदलणारा म्हातारा

१९४२ साली स्टेबिन्स यांचा भर यावर होता की दुर्मिळ जातींत जनुकीय विविधता कमी असते. पुढे १९६० च्या दशकानंतर वनस्पतींची प्रथिनं तपासून ही विविधता प्रत्यक्ष मोजता यायला लागली. तेव्हा दिसलं की काही दुर्मिळ जाती खरंच जनुकांनी गरीब आहेत, पण काही चांगल्याच श्रीमंत आहेत. म्हणजे सगळ्यांना एकच नियम लागू होत नव्हता.

१९८० साली, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी या विषयावर पुन्हा लिहिलं आणि चित्र मोठं केलं. दुर्मिळपणा तीन गोष्टींतून घडतो, असं त्यांनी मांडलं. तिथली खास परिस्थिती, म्हणजे माती आणि हवामान. त्या जातीकडे असलेला जनुकांचा साठा. आणि त्या जातीचा आजवरचा इतिहास. या तिन्ही गोष्टी प्रत्येक जातीसाठी वेगळ्या तपासाव्या लागतात.

१९७९ साली त्यांना अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान पदक मिळालं. डेव्हिसजवळच्या डोंगरात विद्यापीठाने एक राखीव क्षेत्र त्यांच्या नावाने केलं, स्टेबिन्स कोल्ड कॅनियन. १९ जानेवारी २००० रोजी, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, डेव्हिसमध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांच्या नावाची वेल अजून जिवंत आहे, आणि अजून धोक्यातच आहे. पाइन हिलच्या आजूबाजूला घरांची मागणी कमी झालेली नाही. पण आता तिथे बुलडोझर लावण्याआधी एक यादी उघडावी लागते आणि त्या यादीत ही वेल कुठे उगवते ते लिहिलेलं असतं. कास असो की कोकणातला सडा, जिथे जिथे खडकाळ जमिनीला पडीक समजून तिचे सौदे होतात, तिथे करायचं पहिलं काम तेच आहे : तिथे काय उगवतं आणि त्यातलं काय दुसरीकडे कुठेच उगवत नाही, याची आधी नोंद करायची.